बोजारा

पोळा फुटला की बैल घरोघरी जातात. दारात त्यांचे पाय धुतात, पुरणपोळीचा घास भरवतात आणि बैल घेऊन आलेल्या गड्याच्या हातावर बोजारा ठेवतात. कुणी पाच रुपये, कुणी दहा, एखादा सढळ हाताचा पन्नास. मामा सगळं गाव फिरून शेवटी आमच्या दारात यायचे. बैल गोठ्यात बांधून झाले की दुपट्ट्याची गाठ सोडायचे आणि जे जमलं असेल ते माझ्या ओंजळीत ओतायचे. "हे घे बाई. वह्या आन्."

मी पाचवीत होते तेव्हा हे सुरू झालं. बारावीपर्यंत एकही पोळा चुकला नाही.

मामा आमचे कुणी लागत नाहीत. ते आमच्याकडे सालानं होते. आई त्यांना भाऊ म्हणायची, भाऊबीजेला ओवाळायची, म्हणून आम्ही भावंडं मामा म्हणू लागलो. आमच्या भागात सालदाराचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. मामांचं कधी ठरलं नाही, कधी मोडलंही नाही. घाटंजीच्या बाजूला आमचं सहा एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तासांमधून तूर. वखरणी, डवरणी, पेरणी सगळ्यांच्या बरोबरीनं व्हायची, पण फवारणी मामांचीच. बाबांना त्या वासानं मळमळायचं. मामांना मळमळत नसावं असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात. औषध आणलं, औषध मारलं. देशात २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा आता बोंडअळीचं औषध मारावं लागणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. थोडी वर्षं तसं झालंही. मग मावा, तुडतुडे, पांढरी माशी वाढली आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्यालाही पचवू लागली. पंप कोपऱ्यात गेलाच नाही. पंधरा लिटरचा पंप पाठीवर, डाव्या हातानं दांडा वर-खाली, उजव्या हातात नळी. झाकणातून पाझर व्हायचा आणि सदऱ्याची पाठ ओली व्हायची. मामांच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे काळे वळ आहेत आणि पाठीच्या मधोमध कातडीचा एक तुकडा फिकट पडलेला आहे. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसांची पाठ अशीच असते.

२०१६ च्या पावसाळ्यात माझा एम.एस्सी.ला नंबर लागला, नागपूरला, जीवरसायनशास्त्रात. प्रवेशाचे आणि खोलीच्या डिपॉझिटचे पैसे भरायचे होते श्रावणात, आणि कापूस घरात येणार दसरा-दिवाळीला. आदल्या हंगामात पीक बुडालं होतं. मामांच्या सालाचे निम्मे पैसे आमच्याकडेच अडकले होते. म्हणजे ज्या माणसाचं आमच्याकडे येणं होतं तोच एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले साडेसहा हजार रुपये त्यानं आईपुढे ठेवले. बाबा काही बोललेच नाहीत. आईनं विचारलं, "भाऊ, हे कुठून?" तर म्हणाले, "गुत्त्याचे हायत. माही पोरगी सातवीतून काढली म्या. हे तरी जाऊ द्या."

आमच्या वावरातलं काम आटोपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मामा दुसऱ्यांच्या वावरात गुत्त्यानं फवारणी करत होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. वीस रुपये पंप. मी पुढे एकदा खोलीवर बसून हिशेब केला. साडेसहा हजार भागिले वीस, तीनशे पंचवीस पंप. एका पंपात पंधरा लिटर, म्हणजे चार हजार आठशे पंच्याहत्तर लिटर औषधाचं पाणी मामांच्या पाठीवरून पऱ्हाटीवर गेलं आणि त्यातून माझं नाव विद्यापीठाच्या रजिस्टरात आलं. तो कागद अजून माझ्या वहीत आहे.

नागपूरला आमचे सर चयापचय शिकवायचे. खडूचा डबा हातात धरून येत आणि तासभर फळ्याकडे पाठ न करता बोलत. एका तासाला ते म्हणाले की आपण प्राणवायूवर जगतो हे अर्धंच खरं आहे, प्राणवायूपासून रोज वाचतो म्हणूनही जगतो. श्वासातून आत गेलेला ऑक्सिजन शेवटी पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेत पोचतो. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन तिथं एका साखळीवरून पायरी पायरीनं उतरतात. ऑक्सिजनच्या रेणूला चार मिळाले की त्याचं पाणी होतं. पण वाटेत एखादा इलेक्ट्रॉन गळतो, आणि एकच इलेक्ट्रॉन हाती आलेला ऑक्सिजन ना धड पाणी होतो ना ऑक्सिजन राहतो. तो सुपरऑक्साइड. ज्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, पोटात लोह आणि गंधकाची जुळणी असते त्यांना तो पहिला धरतो. जुळणी मोडते, लोह सुटं होतं आणि सुटं लोह पुढे आणखी नासधूस करतं. हे दर श्वासाला होत असतं, आत्ता हे वाचतानाही.

आणि दर श्वासाला ते आवरलंही जातं. मायटोकाँड्रियाच्या अगदी आतल्या गाभ्यात मँगनीज सुपरऑक्साइड डिसम्यूटेज नावाचं विकर बसलेलं असतं. चार सारखे घटक आणि प्रत्येकाच्या पोटात मँगनीजचा एक अणू. एका सुपरऑक्साइडचा जादा इलेक्ट्रॉन ते काढून घेतं आणि दुसऱ्याला देतं. पहिल्याचा पुन्हा ऑक्सिजन होतो, दुसऱ्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्या पेरॉक्साइडचं पाणी करायला दुसरी विकरं असतात. हे इतक्या वेगानं चालतं की दोन रेणू पाण्यात तरंगत एकमेकांपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच वेळ कामाला लागतो. पेशीच्या बाकी भागात याच कामाचं दुसरं विकर असतं, तांबं आणि जस्ताचं. पण सुपरऑक्साइडवर ऋण भार असतो, त्याला पडदा सहज ओलांडता येत नाही. आत तयार झालेलं आतच निस्तरावं लागतं. बाहेरचा मदतीला येऊ शकत नाही.

या विकरांची माहिती मिळण्याचा इतिहास सरांनी सांगितला तो मी कधी विसरणार नाही. १९३८ साली मान आणि केलिन यांनी गाईच्या रक्तातून एक निळसर हिरवं प्रथिन वेगळं केलं. त्यात तांबं होतं, म्हणून लोकांनी ठरवलं की हे तांबं साठवणारं प्रथिन असेल. एकतीस वर्षं त्याच्याकडे साठवणीची कोठी म्हणूनच बघितलं गेलं. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की ते सुपरऑक्साइडचा निकाल लावतं. पुढच्याच वर्षी जिवाणूत मँगनीजचं भावंड सापडलं आणि १९७३ साली वाइसिगर आणि फ्रिडोविच यांना कोंबडीच्या काळजातल्या मायटोकाँड्रियात तेच मँगनीजचं विकर मिळालं. एकतीस वर्षं काम करत असलेल्याला लोक भलत्याच नावानं ओळखत होते, हे ऐकताना मला मामाच आठवले होते. आमच्याकडे त्यांना फवारणीवाला म्हणत.

प्रात्यक्षिकासाठी आम्ही खाटकाकडून बकऱ्याचं ताजं काळीज आणायचो, बर्फात ठेवून. थंड साखरेच्या द्रावणात ते घोटायचं. अपकेंद्री यंत्रात आधी हळू फिरवायचं म्हणजे जड गाळ बसतो, मग वरचं पाणी वेगात फिरवायचं. नळीच्या बुडाशी तपकिरी गोळी बसते. त्या मायटोकाँड्रिया. फोडल्या की त्यातलं विकर मोजायचं. परीक्षानळीत सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करायचा आणि एन.बी.टी. नावाचं पिवळसर रंगद्रव्य घालायचं. सुपरऑक्साइड त्याला निळं करतो. विकर असलं की निळेपण अडतं. जितकं कमी निळं तितकं विकर जास्त.

पण निळेपण तांब्या-जस्ताच्या विकरानंही अडतं. दोघांना वेगळं कसं करायचं? त्यासाठी सायनाइड घालतात. ती कुपी सरांच्या कुलपात असायची आणि थेंब ते स्वतःच्या हातानं मोजायचे. सायनाइडनं तांब्याचं विकर बंद पडतं. मँगनीजचं चालूच राहतं. त्या दिवशी माझ्या नळीत सायनाइड घातल्यावरही रंग पूर्ण निळा झाला नाही. आकाशाच्या रंगाशी येऊन थांबला. यंत्रावरचा आकडा मी तीनदा वाचला. बाजूची मैत्रीण म्हणाली, चल, मेस बंद होईल. मी नळी हातात धरून उभीच होते.

हे झालं २०१७ च्या जुलैत. सप्टेंबरात, पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी, भावाचा फोन आला की मामांना औषध लागलं.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. एरवी नळी खाली धरून मारायचं, त्या वर्षी तोंडासमोर आणि वर धरून मारावं लागत होतं. दाट झाडीत वारा नाही, वरून ऊन, आणि मारलेलं सगळं अंगावर परत. अळी मरत नाही म्हणून लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करत होते. आमच्याकडेही तेच झालं. औषध आमचं होतं, वावर आमचं होतं, आणि त्या दिवशी ऊन चढल्यावर पऱ्हाटीचे राहिलेले चार तास उरकून घ्या असं माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात बसून.

त्या जुलै ते ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, वर्तमानपत्रांतून आमच्या तालुक्यांची नावं देशभर गेली. मी पोचले तेव्हा वॉर्डात खाटांच्या मधल्या जागेतही माणसं झोपवलेली होती. सगळ्यांच्या अंगाला तोच वास. डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध?" तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानाला टोचला. बाबांना नाव सांगता येईना. मी भावाच्या गाडीवर बसून वावरात गेले. धुऱ्यावर, डब्याशेजारी दोन रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. पिवळा त्रिकोण, म्हणजे लालच्या खालोखालचं विष. सूचना इतक्या बारीक अक्षरात की मला मोबाइलचा उजेड धरावा लागला. हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याच्या उलट दिशेनं मारू नका. मामांना वाचता येत नाही. आणि मला येत होतं, तर बारा वर्षांत मी एकदाही ती बाटली हातात घेऊन त्यांना वाचून दाखवली नव्हती.

एकात प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन होतं. प्रोफेनोफॉस ऑर्गनोफॉस्फेट गटातलं. ते मज्जातंतूंच्या टोकाशी असलेलं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतं. मग शरीराला दिलेली हाक थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी. त्यावर ॲट्रोपिन देतात, छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. ॲट्रोपिन जास्त झालं की माणूस भ्रमात जातो, नळ्या उपटतो, म्हणून हात बांधून ठेवतात. मामांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्टीनं खाटेच्या गजाला बांधले होते. डोळे अर्धे उघडे होते, पण ओळख नव्हती. आणि डावा हात, बांधलेला असतानाही, पट्टी पुरेल तेवढा वर-खाली होत होता. वर-खाली. एका लयीत. आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी चार्जिंगचा पंप आला होता, त्याला दांडा मारावा लागत नाही. हात जुन्या पंपाचा होता.

मी तिथंच जमिनीवर बसले. मामी म्हणाली, "रडू नको माय, थे काम करून रायले."

सातव्या दिवशी मामांनी मला ओळखलं. सव्वा महिन्यानं नजर साफ झाली. धाप राहिली, ती आजही आहे.

नागपूरला परत गेले ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. मला मामांचं रक्त आणून त्यातलं मँगनीजचं विकर मोजायचं होतं. सरांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "लाल पेशीत मायटोकाँड्रिया असतात का?" नसतात. लाल पेशीत मोजलं तर तांब्या-जस्ताचं विकर सापडेल. मायटोकाँड्रियातलं हवं तर पांढऱ्या पेशी वेगळ्या कराव्या लागतील, आणि त्यातूनही फुप्फुसात नि काळजात काय चाललंय ते कळेलच असं नाही. "आणि समज आकडा कमी निघाला," सर म्हणाले, "तर तू त्यांना काय सांगणार? तुमचं विकर कमी पडलं म्हणून? विकर कमी नाही पडलं, विष जास्त झालं."

माझ्या आयुष्यातलं दुसरं मोठं ऋण त्या दुपारचं आहे. दुःखाच्या भरात मी विज्ञानाकडून खोटी साक्ष काढायला निघाले होते आणि त्यांनी मला परत फिरवलं. खरं तेवढंच सांगायचं तर ते असं आहे. मामांना पाडलं ते दुसऱ्याच विकराच्या बंद पडण्यानं. पण ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत पेशींवर ऑक्सिजनचा मारा वाढतो आणि मायटोकाँड्रियाला इजा होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ती दुसरी जखम. त्या हंगामात इथं मारलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉनही होतं. ते तर बनवलंच आहे किड्याच्या मायटोकाँड्रियासाठी. किड्याच्या अंगात गेल्यावर त्याचं रूप बदलतं आणि पेशीची ऊर्जा घडवणारं यंत्र ते जाम करतं. किड्याचं आणि माणसाचं ते यंत्र एकाच जुन्या घडणीचं आहे.

आणि तणनाशकातलं पॅराक्वाट. आमच्या गावात ते धुऱ्यावर मारतात, आणि प्रयोगशाळेत पेशींत सुपरऑक्साइड तयार करायचा असेल तर त्याचीच कुपी काढतात. ते इलेक्ट्रॉन उचलतं, ऑक्सिजनला देतं आणि रिकामं होऊन पुन्हा उचलायला तयार. थकत नाही, संपत नाही. फुप्फुसं त्याला स्वतःहून आत ओढून साठवतात. त्यावर उतारा नाही. पॅराक्वाट पोटात गेलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाला डॉक्टर प्राणवायू लावायला कचरतात, कारण लावलेला प्राणवायू त्याच आगीत पडतो. अगदी प्राणावर बेतल्याशिवाय लावत नाहीत. हे मी आता वर्गात शिकवते तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत सगळे गप्प होतात. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी पॅराक्वाटचा डबा असतो.

मँगनीजचं हे विकर नसलं तर काय होतं? १९९५ साली अमेरिकेत एका गटानं उंदरांतून त्याचं जनुक काढून टाकलं. पिल्लं जन्मली, पण दहा दिवसांच्या आत गेली. हृदयं फुगून सैल पडली होती, काळजात चरबी साठली होती. २०२० साली एका नवजात बाळाची नोंद प्रसिद्ध झाली. दोन्ही पालकांकडून याच जनुकाची बिघडलेली प्रत आलेली, आणि हृदय तसंच. म्हणजे हे विकर नसलेलं माणूस जगाला जवळजवळ माहीतच नाही. अर्धं असलं तर? एकच चांगली प्रत असलेल्या उंदरांत डीएनएची नासधूस जास्त झाली, गाठी जास्त आल्या, पण आयुष्य मात्र कमी झालं नाही. मला हा निकाल आवडतो, कारण तो कुणाच्याच सोयीचा नाही. कर्करोगातही याची बाजू एकच नाही. सुरुवातीला काही गाठींत ते कमी दिसतं, आणि पसरणाऱ्या काही गाठींत उलट जास्त, कारण तिथं ते गाठीच्याच पेशींना सांभाळतं. मधुमेहात साखर वाढली की साखळीवरून गळती वाढते आणि रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, डोळा यांच्या बिघाडात तिचा हात असतो, असा एक मोठा विचारप्रवाह आहे.

दवाखान्यातून आल्यावर दोनेक वर्षांनी मामांकडे एक माणूस आला. अँटिऑक्सिडंटचा रस, बाटली दोन हजारांची, सगळं विष धुऊन काढतो म्हणे. मामांनी मला फोन केला, "बाई, घेऊ का?" मी त्याच रात्री बसनं निघाले. फोनवर नाही म्हणता आलं असतं, पण मला समोर बसून सांगायचं होतं. हे विकर बाटलीतून मिळत नाही. ते प्रथिन आहे, गिळलं तर डाळीसारखं पचून जाईल. शरीर ते स्वतः घडवतं. त्याचं जनुक मायटोकाँड्रियात नसतंच, ते केंद्रकात सहाव्या गुणसूत्रावर असतं. प्रथिन बाहेर बनतं, अंगावर चोवीस अमिनो आम्लांचा पत्ता घेऊन निघतं, आत पोचलं की पत्ता कापला जातो आणि मग ते कामाला लागतं. मँगनीज लागतं ते कणभर, आणि ज्वारीच्या भाकरीत नि तुरीच्या वरणात ते असतंच. जादा मँगनीज उलट मेंदूला बाधतं. चालण्या-फिरण्यानं मात्र शरीर हे विकर स्वतःहून वाढवतं. २००९ साली जर्मनीतल्या अभ्यासात तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला आणि निम्म्यांना रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांची ही विकरं वाढली. घेणाऱ्यांची वाढलीच नाहीत, कारण ऑक्सिजनचा थोडा मारा झाला तरच शरीराला निरोप पोचतो, असं त्या संशोधकांचं म्हणणं.

यातलं किती मामांना पोचलं कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "म्हंजे दोन हजार वाचले." आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे नाल्यापर्यंत चालायला लागले. धाप लागली की पुलावर बसतात, मग पुढे जातात.

पहिल्या पगारातून मी साडेसहा हजार रुपये परत केले. मामांनी घेतले, मोजले आणि मामीकडे दिले. मला बरं वाटलं त्यांनी घेतले म्हणून. सालाचे अडकलेले पैसे बाबांनी त्याआधीच, दवाखान्यातून आल्या आल्या, बैलजोडीतला एक बैल विकून चुकते केले होते. फवारणी मामांनी सोडली. आमच्या वावरातली फवारणी थांबलेली नाही. दोन एकरांत आता ज्वारी आणि तूर आहे, उरलेल्या कपाशीत सकाळी सकाळी, तोंड बांधून, एका वेळी एकच औषध. ती दुसरा एक माणूस करतो. मी गावी असले की बाटली त्याला वाचून दाखवते. त्याच्या मुलीला यंदा दहावीला चांगले मार्क आहेत.

गेल्या पोळ्याला गेले होते. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. मामा आता सालानं नाहीत, पण बैलांचे खांदे तेच शेकतात. नवा बैल दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. वाटीत लोणी-हळद कोमट केलेली, हातात पळसाचं पान. पान बुडवायचं आणि जू घासून घासून केस गेलेल्या जागेवर हळूहळू फिरवायचं. मी बाजूच्या ओंड्यावर बसले होते. धुऱ्यावरची कपाशी दिसत होती. आज उमललेली फुलं पांढरट पिवळी, कालची गुलाबी. मी सांगितलं, "मामा, थे विकर शुद्ध करून काढलं ना, तर असंच दिसते. कालच्या फुलावानी."

"कोन्तं?"

"मी शिकवते थे. पेशीतला सालदार."

मामांनी पान वाटीत बुडवलं. "अन् त्याचं साल कधी संपते?"

मी म्हटलं, संपत नाही. म्हातारं झालं की पेशीच त्याला मोडते आणि त्याच्या जागी नवं येतं. कुणाला कळतही नाही.

ते बराच वेळ बैलाचा खांदा चोळत राहिले. सदरा काढलेला होता. पट्ट्यांचे वळ, पाठीवरचा तो फिकट तुकडा, आणि प्रत्येक श्वासाला फासळ्यांची थोडी जादा उघडझाप.

"मंग त्याले बोजारा कोन देते?"

मी काही बोलले नाही. मामांनी पान दुसऱ्या हातात घेतलं आणि वळसा घालून बैलाच्या पलीकडच्या खांद्याकडे गेले.